ह्वारांगचे चार पवित्रे: सोलापुरातल्या टेक्केन खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘स्टान्स’ म्हणजे नुसती पोज ना? त्याने फरक काय पडतो?

आखाड्यात पैलवान पवित्रा बदलतो तेव्हा नुसता पुढचा पाय मागे जात नाही. कुठला डाव लागेल आणि कुठला आपल्यावरच उलटेल, ते सगळंच फिरतं. टेक्केन या मारामारीच्या व्हिडिओ गेममधल्या ह्वारांगचं हेच आहे. बटण एकच, पण तुम्ही कुठल्या पवित्र्यात उभे आहात त्यावर लाथ ठरते.

हे पात्र टेक्केन ३ मध्ये आलं: आर्केडवर १९९७ साली, प्लेस्टेशनवर १९९८ साली. कोरियाचा, तायक्वांदो खेळणारा, बेक डू सानचा चेला. त्याचे चार पवित्रे: डावा पाय पुढे (फेरी सुरू होते तेव्हाचा), उजवा पाय पुढे, डावा फ्लेमिंगो आणि उजवा फ्लेमिंगो. फ्लेमिंगो म्हणजे एका पायावर तोल आणि दुसरा पाय हवेत तयार. म्हणजे नाव एक आणि मूव्ह लिस्ट चार. म्हणूनच तो बघायला सोपा वाटतो आणि हातात घेतला की घाम काढतो.

वहीत लिहायला सोयीचं म्हणून पुढे आम्ही ‘डा’, ‘उ’, ‘डाफ’ आणि ‘उफ’ अशी खूण वापरली आहे. शेवटच्या खुणेवर हसू येतं, पण त्यामुळेच ती लक्षात राहते.

बटणं कुठली?

प्लेस्टेशनच्या पॅडवर स्क्वेअर म्हणजे डावा हात, ट्रायँगल उजवा हात, क्रॉस डावा पाय, सर्कल उजवा पाय. एक्सबॉक्स पद्धतीच्या पॅडवर त्याच जागी एक्स, वाय, ए आणि बी. टेक्केनमध्ये प्रत्येक बटण एका हाताचं किंवा पायाचं असतं. तुम्ही पडद्याच्या कुठल्याही बाजूला असा, क्रॉस म्हणजे डावाच पाय. बाजू बदलली की ‘पुढे’ आणि ‘मागे’ तेवढे उलटतात.

डाव्या पायावरून उजव्यावर जायचं तर क्रॉस आणि सर्कल एकदम. परत यायचं तरी तेच. डाव्या फ्लेमिंगोसाठी पुढे + क्रॉस. याशिवाय बऱ्याच लाथा आणि स्ट्रिंग (एकामागोमाग जोडलेले मार) संपतानाच पवित्रा बदलून जातात. खरे वापराचे दरवाजे तेच आहेत. नुसतं उभ्या उभ्या फ्लेमिंगोत जाणं म्हणजे समोरच्याला आमंत्रण.

क्रॉस-सर्कल एकदम दाबतो, तरी नुसती लाथ निघते.

दोन्ही बटणं एका वेळी पोचत नाहीत. अंगठ्याचं टोक आधी एका बटणावर आणि मग घसरून दुसऱ्यावर जातं. अंगठा आडवा ठेवा: टोक सर्कलवर, पेराचा मांसल भाग क्रॉसवर, आणि दोन्ही एकाच दाबाने खाली. सराव मोडमध्ये इनपुट दाखवणारी पट्टी चालू करा. दोन्ही चिन्हं एकाच ओळीत आली तर बरोबर. वरखाली दोन ओळींत आली तर अंगठा अजून घसरतोय.

नाहीच जमलं तर बटण सेटिंगमध्ये खांद्यावरच्या एखाद्या बटणाला ही जोडी देऊन टाका. यात फसवणूक काही नाही, गेमनेच ती सोय दिली आहे. दोनच अटी: सगळीकडे तेच सेटिंग ठेवा, आणि मित्राच्या घरी खेळायला बसताना आधी सेटिंग तपासा. नाही तर पहिल्या फेरीत भलतंच काहीतरी निघेल आणि दोष पॅडला जाईल.

चारही पवित्रे एकदम शिकू का?

नको. ‘डा’ आधी. निदान पहिले दोन आठवडे ह्वारांगला साध्या पात्रासारखं खेळा: जॅब (झटपट ठोसा), एक मिड (मधल्या उंचीचा मार), एक लो (पायाशी बसणारा मार), एक उडवणारी लाथ, आणि ब्लॉक करून परत मारायची एक-दोन उत्तरं. त्यानंतर ‘डाफ’. मग ‘उ’. ‘उफ’ सगळ्यात शेवटी.

पुष्कळ जण उलटं करतात. व्हिडिओत फ्लेमिंगोची नाचानाच दिसते, मग त्यापासूनच सुरुवात होते आणि महिन्याभराने कळतं की साधा जॅब ब्लॉक करून उत्तर द्यायला येत नाही. पाया नसताना गच्ची बांधायला घेतल्यासारखं ते होतं.

फ्लेमिंगोत गेलो की मार बसतो. नेमकं चुकतंय काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं कारण: फ्लेमिंगोत गार्ड लागत नाही. मागे दाबून समोरच्याचा हात अडवायची सवय बोटांना असते, पण इथे मागे दाबलं तरी ह्वारांग अडवत नाही. म्हणजे आत गेल्यावर तुमच्याकडे दोनच गोष्टी उरतात: मारणं किंवा निघणं. तिसरी नाही.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. टेक्केन सेकंदाला ६० फ्रेमने (चित्रांनी) चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. साधा जॅब दहाव्या फ्रेमला लागतो. आता समजा, तुम्ही एक लाथ मारून फ्लेमिंगोत गेलात, ती समोरच्याने ब्लॉक केली, आणि त्या वेळी तुम्ही ४ फ्रेमने मागे आहात. फ्लेमिंगोतली तुमची लाथ १३ फ्रेमची असेल तर ती समोरच्याच्या घड्याळाप्रमाणे १३ + ४ म्हणजे सतराव्या फ्रेमला पोचणार. त्याचा जॅब दहाव्याला. तुम्ही सात फ्रेम उशिरा, आणि वर तुमची लाथ सुरू झालेली असल्यामुळे काउंटर हिटचा, म्हणजे मारताना मधेच मार खाल्ल्याचा, जादा मार.

तीच लाथ ब्लॉक न होता लागली आणि तुम्ही ६ फ्रेमने पुढे असाल तर गणित फिरतं. त्याचा जॅब १० + ६ म्हणजे सोळाव्याला, तुमची लाथ तेराव्याला. तीन फ्रेमने तुम्ही जिंकता आणि काउंटर हिट त्याला बसतो.

हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. खरे आकडे प्रत्येक मूव्हचे वेगळे असतात आणि प्रत्येक अपडेटमध्ये थोडे बदलतात. टेक्केन ८ च्या सराव मोडमध्ये ते पडद्यावर दिसतात, तिथूनच घ्या. पाठ करायची गोष्ट एकच: लागली तर आत राहा, ब्लॉक झाली तर हात आवरा. लाथ लागली की ब्लॉक झाली हे बघून निर्णय घेता येत नसेल, तर ती स्ट्रिंग अजून सामन्यात वापरायची नाही.

तिसरं कारण म्हणजे बाहेर पडायचा रस्ता ठाऊक नसणं. फ्लेमिंगोतल्या प्रत्येक मूव्हसमोर तीन रकान्यांचा तक्ता बनवा: किती फ्रेमची आहे, हाय-मिड-लो (वर, मध्ये, खाली) यांपैकी काय आहे, आणि संपल्यावर कुठला पवित्रा उरतो. पंधरा-वीस ओळींचं काम, एका रविवारी होतं. तिसरा रकाना बहुतेक जण भरत नाहीत, आणि मार तिथेच बसतो: लाथ मारून झाली, आपण समजतो ‘डा’त आलो, प्रत्यक्षात ‘उ’त उभे असतो, आणि दाबलं एक पण निघालं दुसरंच.

कुठला पाय पुढे आहे ते भर सामन्यात ओळखायचं कसं?

पायाकडे बघू नका. पडद्यावरच्या गर्दीत पाय दिसत नाही, आणि तिकडे बघता बघता समोरच्याची लो लाथ निसटते. धड बघा.

तुम्ही पडद्याच्या डाव्या बाजूला उभे असाल तर डावा पाय पुढे असताना ह्वारांगची छाती तुमच्याकडे असते. उजवा पाय पुढे असला की पाठ दिसते. तुम्ही उजव्या बाजूला गेलात की हे बरोबर उलट: पाठ दिसली तर डावा पाय पुढे, छाती दिसली तर उजवा. कारण साधं आहे. टेक्केनमध्ये बाजू बदलली म्हणून पात्र आरशातल्यासारखं पलटत नाही, त्याचा डावा हात डावाच राहतो.

सराव मोडमध्ये पाच मिनिटं नुसतं हेच करा: डोळे मिटा, क्रॉस-सर्कल कितीही वेळा दाबा, डोळे उघडा आणि दोन पायांपैकी कुठला पुढे ते लगेच मोठ्याने सांगा. मग बाजू बदलून पुन्हा. घरचे बघतील, बघू द्या.

एकच कॉम्बो (सलग मारांची साखळी) कधी लागतो, कधी मधेच सुटतो. पॅड खराब आहे का?

पॅड खराब असू शकतो, पण आधी सुरुवात कुठल्या पवित्र्यातून झाली ते बघा. ‘डा’तून शिकलेला कॉम्बो ‘उ’तून तसाच्या तसा निघणार नाही. वहीत प्रत्येक कॉम्बोच्या आधी आणि नंतर खूण लिहा: ‘डा → उ’, ‘डाफ → डा’ अशी. नवशिक्याला दोन कॉम्बो ‘डा’तून, एक ‘डाफ’मधून आणि एक ‘उ’तून एवढे पुरतात. शंभर कॉम्बोंची यादी गोळा करणारे पुष्कळ असतात. त्यातले दहाही दोन्ही बाजूंनी लागत नाहीत.

दुसरं, समोरचा थोडा कडेला सरकलेला असताना उडाला तर पुढच्या लाथा त्याच्या बाजूने निघून जातात. अशा वेळी मोठ्या कॉम्बोचा हट्ट नको. लहान, भरवशाचा मारून मोकळे व्हा.

रोज अर्धाच तास मिळतो. काय करू?

अर्धा तास पुष्कळ झाला, फक्त तो सगळा ऑनलाइन सामन्यांत घालवू नका.

पहिली पाच मिनिटं क्रॉस-सर्कल. प्रत्येक बाजूला २० वेळा पवित्रा बदला. मधे चुकून एक जरी लाथ निघाली तरी मोजणी पुन्हा शून्यापासून.

पुढची दहा मिनिटं निर्णयाचा सराव, आणि सगळ्यात मोलाचा भाग हाच. समोरच्या डमीचं वागणं रेकॉर्ड करता येतं. तीन रेकॉर्डिंग करा: एकात ब्लॉक करून लगेच जॅब, दुसऱ्यात ब्लॉक करून बाजूला सरकणं, तिसऱ्यात ब्लॉक करून खाली बसणं. ती उलटसुलट क्रमाने चालवा. तुम्ही एकच सुरुवात घ्या, उदाहरणार्थ फ्लेमिंगोत संपणारी एखादी लाथ, आणि डमी काय करतो ते बघून उत्तर द्या. सुरुवातीला १० पैकी ३ बरोबर येतील. १० पैकी ७ यायला लागले की ती सुरुवात सामन्यात वापरा, त्याआधी नाही.

मग दहा मिनिटं एकच कॉम्बो: डाव्या बाजूने १० आणि उजव्या बाजूने १०. दोन्हीकडे ८ लागले की पुढचा घ्या. उजव्या बाजूला नेहमी कमी लागतात, कारण सराव बहुतेकांचा डाव्या बाजूलाच झालेला असतो.

उरलेल्या पाच मिनिटांत आदल्या दिवशी हरलेल्या एका सामन्याचा रीप्ले. पूर्ण नको, फक्त ज्या ठिकाणी तुम्ही फ्लेमिंगोत गेलात ती ठिकाणं. आत जाताना आधीची लाथ लागली होती का? नसेल तर उत्तर तिथेच आहे.

स्काय रॉकेट जमल्याशिवाय ह्वारांग खेळताच येत नाही म्हणतात. खरं का?

खेळता येतो, पण एका टप्प्यानंतर ती उणीव जाणवते. ही मूव्ह अशी: पुढे, मोकळं सोडा, खाली, मग खाली-पुढे तिरपं आणि त्याच क्षणी सर्कल. तिरपी दिशा आणि सर्कल एकाच फ्रेममध्ये पडले तर जास्त फायद्याची आवृत्ती निघते. एक फ्रेम इकडेतिकडे झाली तर साधी.

इथे घाई केली की काम बिघडतं. दोन चुका हमखास होतात. पहिली, ‘मोकळं सोडा’ हा टप्पा गळतो. अंगठा पुढून थेट खाली फिरतो, मधे दिशेची कळ मोकळी होतच नाही, आणि मूव्ह निघतच नाही. दुसरी, सर्कल आधी किंवा नंतर पडतं. इनपुटच्या पट्टीत बघा: तिरपा बाण आणि सर्कल एका ओळीत हवेत. तिरपा बाण आधीच्या ओळीत आणि सर्कल त्यानंतरच्या ओळीत असेल तर सर्कल उशिरा आलं. खालचा बाण आणि सर्कल एका ओळीत असतील तर लवकर आलं.

आधी सर्कलशिवाय नुसती दिशा २० वेळा करा. मग शेवटच्या ठोक्याला सर्कल जोडा. मागावरचा धोटा जसा एका ठेक्यात इकडून तिकडे जातो तसा ठेका हवा. वेग आपोआप येतो. दिवसाला ५० प्रयत्न पुरेत. २०० केले तर अंगठा दुखतो आणि हाताला चुकीची सवय लागते.

समोरचा नुसता जॅब मारत सुटतो. माझं एकही चालू देत नाही.

मग त्याचं बरोबरच चाललंय! तुम्ही ब्लॉक झालेल्या लाथेनंतरही पुढे जाताय म्हणून त्याचा जॅब लागतो.

जॅब हाय असतो, खाली बसलेल्याच्या डोक्यावरून जातो. एकदा ब्लॉक झालेल्या लाथेनंतर मुद्दाम थांबून खाली बसा, जॅब हुकू द्या आणि उठतानाची लाथ मारा. दोनदा असं झालं की तो हात आवरतो. तो गप्प बसला की फ्लेमिंगो चालतो. आधी त्याला गप्प करायचं, मग पवित्रा घ्यायचा. हा क्रम उलटा झाला की ह्वारांग नुसता नाचणारा माणूस उरतो.

आणि तो बाजूला सरकत असेल तर? किंवा खाली बसत असेल?

बाजूला सरकणाऱ्याला सरळ रेषेतल्या लाथा लागत नाहीत, त्याला होमिंग मूव्ह (सरकणाऱ्यालाही गाठणारी) लागते. टेक्केन ८ च्या मूव्ह लिस्टमध्ये अशा मूव्हपुढे चिन्ह असतं. ‘डा’ आणि ‘उ’ या दोन्हीमधली एकेक शोधून ठेवा.

खाली बसणाऱ्याला मिड. ह्वारांगच्या स्ट्रिंगमध्ये हाय लाथा पुष्कळ आहेत, आणि जाणकार खेळाडू दुसऱ्या-तिसऱ्या लाथेखाली बसून वरती उडवतो. म्हणून कुठलीही स्ट्रिंग पूर्ण करायची सवय मोडा. दुसऱ्या लाथेवर थांबा, कधी मिडवर वळा. तोच बदल समोरच्याला बसू देत नाही.

पॉवर क्रश (मार अंगावर झेलत पुढे जाणारी मूव्ह) वापरणारा भेटला तर तो तुमची हाय आणि मिड लाथ अंगावर घेऊन मारतो. लो आणि थ्रो (धरून आपटणं) मात्र त्याला थांबवतात. एवढं पुरे.

टेक्केन ८ मधल्या हीटचं काय करायचं?

हीट म्हणजे थोड्या वेळापुरता वाढलेला जोर. ती प्रत्येक फेरीत एकदाच मिळते आणि मूळ मुदत साधारण १० सेकंदांची असते. त्या वेळेत तुमचे मार ब्लॉक झाले तरी थोडं रक्त घटतं, त्यामुळे समोरचा नुसता ब्लॉक करून बसायला कचरतो. ह्वारांगच्या दबावाला हेच हवं असतं. समोरचा भिंतीजवळ असताना हीट चालू करा. उघड्या मैदानात तो मागे पळतो आणि तुमचे दहा सेकंद पाठलागात जातात.

पॅड, कीबोर्ड की आर्केड स्टिक?

ज्याची सवय आहे ते. कीबोर्डवर दिशा स्वच्छ पडतात आणि स्काय रॉकेटला ते सोपं जातं. पण साध्या कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी नोंदवलीच जात नाही. तपासायला नोटपॅड उघडा आणि तुमच्या पुढे, खाली, क्रॉस, सर्कलच्या अक्षरकळा एकत्र दाबा. चारही अक्षरं उमटली पाहिजेत. एखादं गळत असेल तर ती जोडी दुसऱ्या कळांवर हलवा. नवा कीबोर्ड घ्यायची वेळ बहुतेकदा येत नाही.

पॅड जुना असेल तर आधी दिशेची कळ बघा. खाली दाबताना आपोआप तिरपं पडत असेल तर स्काय रॉकेटचा सराव त्याच्यावर वाया आहे. आणि शेंगा चटणी खाऊन पॅड हातात घेऊ नका. तेल बटणांच्या फटीत जातं आणि मग बटण वर यायला आळस करतं.

उन्हाळ्यात टायमिंगच बिघडतं. मनाचे खेळ का?

मनाचे खेळ नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, लॅपटॉप तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. फ्रेम ६० वरून खाली आल्या की टेक्केन नुसता अडखळत नाही, सगळा खेळच संथ होतो. १३ फ्रेमची लाथ तुमच्या हाताच्या हिशेबात उशिरा पोचते. ऑनलाइन असाल तर समोरच्यालाही ते भोगावं लागतं.

उपाय: सावल्या आणि इफेक्ट कमी, रेझोल्यूशनचं प्रमाण ७० ते ८० टक्क्यांवर, लॅपटॉपखाली हवा जाईल अशी उंची, आणि गादीवर ठेवून अजिबात नाही. फ्रेमचा आकडा पडद्यावर चालू ठेवा. ६० स्थिर राहायला हवेत, चित्र थोडं धुरकट चालेल. हाताला घाम येत असेल तर मांडीवर टॉवेल ठेवा. सोलापुरात टॉवेलचा तोटा नाही.

टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा. नाही तर टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात वेळ घालवतो आणि तुमचं बटण उशिरा दिसतं.

ऑनलाइन पवित्रा बदलायला उशीर होतो, दुकानात किंवा मित्राकडे नीट जमतं. का?

अंतर आणि वायफाय. टेक्केन ८ मध्ये रोलबॅक (समोरच्याच्या बटणाची वाट न बघता खेळ पुढे नेऊन मग चूक दुरुस्त करायची पद्धत) आहे, त्यामुळे तुमचं बटण लगेच लागू होतं, पण समोरच्याची हालचाल उशिरा पोचली की चित्र उडी मारतं. लाथ लागली की ब्लॉक झाली हे बघून ठरवायला मग वेळच उरत नाही. म्हणून समोरच्याचं कनेक्शन कसं आहे ते सामना स्वीकारायच्या आधी बघा. पुणं इथून साधारण २५० किलोमीटरवर आहे, तिथल्या खेळाडूशी सामना सहसा नीट चालतो. परदेशातल्याशी खेळताना डोळ्यांनी बघून ठरवायचे डाव बाजूला ठेवा आणि आधीच ठरवलेले साधे खेळा.

राउटरपासून केबल ओढा. दहा मीटरची केबल महागड्या पॅडपेक्षा जास्त फरक पाडते. वीज जाण्याचा त्रास असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का ते बघा.

टेक्केन ३ वर्षानुवर्षं खेळलोय. तो हात आता कामाला येईल का?

फ्लेमिंगोची कल्पना आणि दोन पायांचा हिशेब तोच आहे, त्यामुळे गोंधळ कमी होईल. पण तिथे कॉम्प्युटरला हरवलेल्या सवयी इथे महागात पडतात. नुसती लाथांची सरबत्ती केली की तिथला कॉम्प्युटर पडायचा. इथला माणूस खाली बसतो.

टेक्केन ७ घेऊ की ८?

पीसी बघून ठरवा. टेक्केन ७ हा २०१७ चा, हलका आहे. टेक्केन ८ हा २६ जानेवारी २०२४ ला आला, त्याला १०० जीबी जागा आणि किमान ८ जीबी रॅम लागते, ग्राफिक्स कार्ड किमान जीटीएक्स १०५० टीआयच्या तोडीचं. ह्वारांग ८ च्या सुरुवातीच्या ३२ पात्रांतच आहे, वेगळे पैसे नाहीत. पीसी काठावर असेल तर ७ वर पाया घट्ट करा. पवित्र्यांचं ज्ञान वाया जात नाही, आकडे तेवढे नव्याने बघावे लागतात.

ह्वारांग नको असेल तर याच जातीचं दुसरं कोण?

टेक्केनमध्ये लेई वूलाँग, हा टेक्केन २ पासूनचा. साप, वाघ, ड्रॅगन, बगळा असे पवित्रे आणि वर जमिनीवर पडूनही डाव. टेक्केन ७ मध्ये तो २०१८ साली नंतर जोडला गेला. ८ च्या सुरुवातीच्या यादीत नाही.

स्ट्रीट फायटर ४ मधला गेन शिकायला सरळ आहे, कारण पवित्रे दोनच: तिन्ही ठोसे एकदम दाबले की मँटिस, तिन्ही लाथा एकदम दाबल्या की क्रेन. मँटिसमध्ये ठोसा भराभर दाबून हातांचा मारा निघतो. क्रेनमध्ये मागे किंवा खाली दाबून धरून मग सोडायच्या मूव्ह आहेत. म्हणजे पवित्रा बदलण्याआधीच दिशा धरून ठेवायची सवय लागते. एक्सबॉक्स पॅडवर मुळातच डाव्या खांद्याच्या दोन बटणांवर या तिकड्या दिलेल्या असतात, त्या बदलू नका. अल्ट्रालाही (सगळ्यात मोठ्या खास मारालाही) तीन बटणं लागतात, त्यामुळे दिशा चुकली की भर मोक्याला अल्ट्राऐवजी नुसता पवित्रा बदललेला दिसतो. चिडू नका, दिशा हळू फिरवा.

मित्र म्हणतात, ‘बटणं बडवतोय बे नुसती.’ काय उत्तर द्यायचं?

पुढच्या सामन्यात एक स्ट्रिंग मधेच थांबवा, त्याचा जॅब खाली बसून हुकवा आणि उठता उठता मारा. आणि तुम्ही खरंच बडवत असाल, तर वरचा तीन रकान्यांचा तक्ता अजून कोराच आहे.